खुन्नस आणि मधले काही क्षण

नागपूरच्या मराठी वर्तमानपत्रांत शहराच्या पानावर ‘खुन्नस’ हा शब्द वारंवार भेटतो. पानठेल्यावर कोणी कोणाकडे रोखून पाहिले, खर्ऱ्याच्या उधारीवरून शब्दाने शब्द वाढला, गल्लीत दुचाकीचा धक्का लागला, आणि काही मिनिटांत चाकू निघाला. बातमीत याला ‘क्षुल्लक कारण’ म्हणतात. हिंसाप्रतिबंधाच्या अभ्यासकांना मात्र ही कारणे क्षुल्लक वाटत नाहीत. कारण हिशेब करून, आधी ठरवून केलेल्या हिंसेपेक्षा अशी भरात घडणारी हिंसा अडवायला जागा अधिक असते.

ती जागा कोठे आहे, हे शिकागोतील ‘बिकमिंग अ मॅन’ या उपक्रमातून चांगले कळते. गरीब वस्त्यांतील शाळकरी मुलग्यांचे लहान गट आठवड्यातून एकदा तासभर बसतात. सुरुवातीच्या एका खेळात जोड्या पाडून एकाच्या हाती चेंडू दिला जातो आणि दुसऱ्याला तो ३० सेकंदांत मिळवायला सांगितले जाते. जवळजवळ सगळे झटापट करतात, मूठ उघडण्यासाठी बोटे पिरगाळतात. मग मार्गदर्शक विचारतो, ‘चेंडू नुसता मागितला का नाही?’ मुले म्हणतात, ‘त्याने दिलाच नसता, वर मला भित्रा समजला असता.’ जोडीदाराला विचारले, तर तो बहुधा म्हणतो, ‘दिला असता की. चेंडूच तर होता.’

या उपक्रमाचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की तो मुलांना ‘भांडू नका’ असा उपदेश करत नाही. ज्या वस्तीत एकदा मान खाली घातली की दुसऱ्या दिवशी पुन्हा लुटले जाण्याची भीती असते, तेथे ताबडतोब उलटून उभे राहणे हा मूर्खपणा नसून अनुभवातून आलेले शहाणपण असते. परंतु तीच सवय वर्गात शिक्षकांसमोर किंवा एखाद्या अनोळखी माणसाच्या नजरेसमोर आपोआप चालू झाली की अनर्थ होतो. म्हणून क्षणभर थांबून ‘आत्ताचा प्रसंग कोणता आहे’ हे ओळखण्याचा सराव दिला जातो. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काही मुलांची उपक्रमासाठी निवड करून, उरलेल्यांशी त्यांची तुलना करणाऱ्या दोन चाचण्या घेतल्या, तेव्हा उपक्रमाच्या काळात निवडलेल्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतील अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या. पहिल्या चाचणीत उपक्रम संपल्यानंतर अटकांवरील हा परिणाम टिकला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

चिठ्ठ्या टाकण्याचा आग्रह कशासाठी? मुलगा अशा उपक्रमात येतो तो बहुधा त्याच्या आयुष्यातील सर्वांत वाईट काळात, आणि वाईट काळ अनेकदा आपोआपही ओसरतो. वय वाढते तसे गुन्हे करण्याचे प्रमाण बहुतेकांच्या बाबतीत घटते. त्यामुळे ‘आधी किती, नंतर किती’ एवढीच तुलना केली, तर निरुपयोगी उपक्रमही यशस्वी भासतो.

घातक उपक्रमही यशस्वी भासू शकतो. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात वाट चुकलेल्या मुलांना जन्मठेपेच्या कैद्यांसमोर उभे करून, आरडाओरडा करून, तुरुंगाची दहशत बसवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि प्रचंड लोकप्रिय झाला. जेम्स फिंकेनॉअर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तुरुंग पाहून आलेल्या मुलांपैकी ४१ टक्के मुलांनी पुन्हा गुन्हा केल्याचे दिसले. न गेलेल्यांत हे प्रमाण ११ टक्के होते. पुढे अशा नऊ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता, हे कार्यक्रम मुलांना काही न करण्यापेक्षाही अधिक हानी करतात, असाच निष्कर्ष निघाला. आपल्याकडे आरोपींची भर रस्त्यात धिंड काढली की बघ्यांना समाधान वाटते. पण ज्या पोराला ‘मी कोण’ हे अजून ठरवायचे आहे, त्याच्या कपाळावर आपण सर्वांदेखत एक ओळख गोंदवत असतो, असे मला वाटते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांवर मारलेला शिक्का १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही पुसला गेलेला नाही, हे विदर्भाला वेगळे सांगायला नको.

ओळख बदलण्यावरचा सर्वांत बोलका प्रयोग लायबेरियातील मन्रोव्हिया शहरात झाला. तेथील ९९९ गुन्हेगारीप्रवण तरुणांपैकी काहींना आठ आठवड्यांचे वर्तनोपचार, काहींना २०० डॉलर, काहींना दोन्ही दिले गेले आणि काहींना काहीच नाही. मार्गदर्शकांपैकी अनेक जण स्वतः त्याच रस्त्यांवरून सावरलेले होते. राग आवरण्याच्या सरावाबरोबर केस कापणे, स्वच्छ कपडे घालणे, बँकेत किंवा मोठ्या दुकानात जाऊन इतरांप्रमाणे वागून पाहणे हाही अभ्यासाचा भाग होता. पैसे दारू-अमली पदार्थांत उडतील ही भीती बव्हंशी खोटी ठरली. वर्षभराने नुसत्या उपचाराचा परिणाम विरला, पण उपचार आणि पैसे दोन्ही मिळालेल्यांत चोरी व हिंसा घटलेलीच राहिली, आणि दहा वर्षांनी पुन्हा शोध घेतला तेव्हाही ती सुमारे निम्म्यावर होती. त्या पैशांतून उभे राहिलेले छोटे धंदे फार टिकले नव्हते. संशोधकांचा तर्क असा, की धंद्याच्या निमित्ताने काही महिने नव्या माणसासारखे जगण्याचा सराव लांबला आणि तो अंगवळणी पडला.

नागपूरसाठी यातून काय घ्यायचे, याचा विचार करताना एक आकडा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो: २०२२ च्या अखेरीस भारतातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेले, होते. मोर्शीच्या खुल्या कारागृहासारखी व्यवस्था शिक्षा झालेल्या निवडक बंद्यांसाठी असते. वर्धा मार्गावरील मध्यवर्ती कारागृहातून जामिनावर बाहेर पडणारा तरुण मात्र कधी सुटेल हे आधी ठाऊक नसते. तो निघतो तो थेट जुन्या चौकात, जुन्या खुन्नशीसमोर पोहोचतो. त्यामुळे आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम कारागृहात सुरू करण्यापेक्षा वस्तीतच, सुटकेच्या पहिल्या आठवड्यापासून चालवणे अधिक व्यवहार्य आहे, आणि त्याला थोडे भांडवल किंवा हमखास रोजगार जोडला पाहिजे. इच्छुक १०० आणि जागा ५० असतील, तर चिठ्ठ्या टाकाव्यात. उरलेल्यांना पुढच्या वर्षी घेता येईल, आणि दरम्यान दोन्ही गटांतील नव्या गुन्ह्यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहता येतील.