प्रीतिभोजन

प्रीतिभोजन : ख्रिस्ती मंडळीचे सभासद आणि आलेले पाहुणे यांनी उपासनेनंतर एकत्र बसून घ्यावयाचे जेवण. पाव व द्राक्षरस घेण्याचा प्रभुभोजनाचा विधी याहून वेगळा. प्रीतिभोजन हा शब्द ग्रीक ‘अगापे’ (प्रेम; त्यावरून प्रेमाचे जेवण) याचा प्रतिशब्द म्हणून रूढ झाला. मराठवाड्यात तो निमंत्रणपत्रिकेवर आणि पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) निवेदनात आढळतो. एरवी लोक नुसते ‘देवळात जेवण आहे’ असेच म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः जालना व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या भागांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा विचार केला आहे.

मूळ : अगापे आणि प्रभुभोजन हे आरंभी एकच जेवण होते की दोन, हा जुना वाद आहे. प्रेषित पौल याने ग्रीसमधील करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (सु. इ. स. ५३–५५) काहीजण आधीच जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात, अशी तक्रार आहे. पोटभर जेवण आणि विधी एकाच बैठकीत होत असल्याखेरीज या तक्रारीला अर्थ उरत नाही. म्हणून दोन्ही मुळात एकच होते हे मत अधिक ग्राह्य वाटते. हान्स लीट्समान या जर्मन अभ्यासकाने १९२६ मध्ये वेगळी मांडणी केली. जेरुसलेममधील आनंदाचे भाकर मोडणे आणि पौलाच्या परंपरेतील स्मरणविधी असे दोन स्वतंत्र प्रवाह त्याने मानले. ही मांडणी आकर्षक असली, तरी तिचा पहिला प्रवाह फार थोड्या उल्लेखांवर उभा आहे.

बायबलच्या नव्या करारातील यहूदाच्या पत्रात अगापे हा शब्द जेवण या अर्थाने अनेकवचनात येतो. बिथिनिया (आजच्या तुर्कस्तानातील रोमन प्रांत) येथील राज्यपाल प्लिनी याने सु. ११२ मध्ये सम्राट ट्रेजनला पाठवलेल्या पत्रानुसार तेथील ख्रिस्ती लोक पहाटे एकदा जमत आणि नंतर साधे, निरुपद्रवी अन्न घेण्यासाठी पुन्हा एकत्र येत. म्हणजे या सुमारास निदान त्या प्रांतात दोन बैठका वेगळ्या झालेल्या दिसतात. उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने सु. १९७ मध्ये या जेवणाचे वर्णन केले आहे : आधी प्रार्थना, मग भुकेपुरते खाणे, हात धुऊन दिवे लागल्यावर देवाची स्तुतिगीते. लाओदिकियाच्या धर्मसभेने (बहुधा ३६३–३६४, काहींच्या मते थोडी आधी वा नंतर) चर्चच्या इमारतीत अगापे घेण्यास मनाई केली. कार्थेजच्या ३९७ च्या सभेतही तशीच बंदी आली. पुढे ही प्रथा पश्चिमेत जवळजवळ लोपली. १७२७ मध्ये जर्मनीतील हेर्नहुट येथील मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीने ती पुन्हा सुरू केली. इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने ती १७३७ मध्ये अमेरिकेतील सव्हाना येथे पाहिली आणि पुढे आपण सुरू केलेल्या मेथडिस्ट पंथात आणली.

मराठवाड्यातील प्रथेचे मूळ या मेथडिस्ट परंपरेत शोधण्याचा मोह होतो. तो टाळावा. जालन्याचे मिशन फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे प्रेसबिटेरियन पंथाचे. औरंगाबादचे चर्च मिशनरी सोसायटीचे, म्हणजे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) पंथाचे. दोहोंच्या उपासनापद्धतीत मेथडिस्टांचे प्रीतिभोजन नव्हते. येथील जेवणाचा घाट गावच्या भंडाऱ्याचा आहे : वर्गणी, मोठी पातेली, सतरंजी, पत्रावळी आणि वाढपी. नाव मिशनने दिले असले, तरी रीत गावाचीच आहे.

जातिभेद व पंगत : या भागात निजामाच्या राजवटीत ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजातील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. गावच्या पंगतीत त्यांना जागा नव्हती. त्यांचे अन्न वेगळे वाढले जाई आणि पाणीही वेगळे. त्यातही महार-मांगांचा आपसांत रोटीव्यवहार नव्हता. त्यामुळे एका सतरंजीवर कोण कोणाशेजारी बसते, हा येथे शिष्टाचारापुरता प्रश्न राहत नाही. दक्षिणेत हा मुद्दा सक्तीच्या वळणावर गेला होता. मदुराईच्या अमेरिकन मिशनने १८४७ च्या सुमारास उपदेशकांना इतर जातींनी रांधलेले अन्न खाण्याची कसोटी लावली. तिलाही प्रीतिभोजनच म्हणत, आणि तीवरून अनेकांनी काम सोडले. मद्रासच्या मिशनरी परिषदेने १८५० मध्ये जातित्यागाचा आग्रह धरला. प्रेमाचे जेवण परीक्षा म्हणून वाढले की त्याची चव काय राहते, हे सांगायला नकोच.

जालन्यात या प्रश्नाची बाजू उलटी होती. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मुंबईत १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण. त्यांनी जालन्यात मिशनचे काम उभे केले आणि निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिचा काळ सामान्यतः १८७० च्या आसपासचा धरतात. बेथेल म्हणजे हिब्रूत देवाचे घर. गावकुसाबाहेरच्या माणसांनी आपले स्वतःचे गावकूस घालणे असा या वस्तीचा अर्थ होतो, आणि यजमान ब्राह्मण घरात जन्मलेला होता. औरंगाबादला रेव्हरंड रतनजी नवरोजी हे पारशी घरातून आलेले धर्मगुरू होते. दोन्ही ठिकाणी पंगतीच्या अग्रभागी गोरा साहेब नव्हता, ही बाब मिशनच्या इतिहासात सहसा नजरेआड होते.

स्कॉटिश प्रवाहातील मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर अँग्लिकन आणि प्रेसबिटेरियन मंडळ्या एका छत्राखाली आल्या. कागदावरील हे ऐक्य खालच्या पातळीवर बहुधा पंगतीतच आधी आले असावे.

प्रचलित रूप : प्रसंग नाताळ, पुनरुत्थानाचा सण, मंडळीचा वर्धापनदिन आणि कापणीचा सण. कापणीच्या सणाला लोक ज्वारी, तूर, भाजीपाला, कोंबडी वेदीपुढे आणतात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. दहा रुपयांचा भोपळा शंभराला जाणे आणि तो घेणाऱ्याने पुन्हा लिलावाला देणे हा त्यातला ठरलेला विनोद. जेवणात भात, भाकरी, येसर आमटी किंवा मटण, गोडाला बुंदी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांमुळे बीडकडील काही गावांत नाताळची पंगत विरळ असते.

नवख्या माणसाला निवेदनाच्या वेळी उभे करून नाव-गाव विचारतात, टाळ्या वाजवतात. बुजऱ्या माणसाला हे अवघडच जाते. खरे स्वागत नंतर दाराशी होते : एखादी मावशी ‘जेवल्याशिवाय जायचं नाही बरं’ म्हणत वाट अडवते. मराठी बायबलमध्ये येशू भाकर मोडतो. ज्वारीच्या मुलखात हा शब्द शब्दशः ऐकू येतो, प्रभुभोजनाच्या ताटात प्रत्यक्षात पाव असला तरी.

जेवणाआधीची शांतीची खूण (उपासनेत एकमेकांना शांतीचे अभिवादन करणे; जुन्या काळी ते चुंबनाने होई) हीसुद्धा सहभागितेचाच भाग. दक्षिणेतील संयुक्त चर्चने (चर्च ऑफ साउथ इंडिया) आपल्या १९५० च्या उपासनाविधीत ती सीरियन ख्रिस्ती परंपरेवरून हातात हात देण्याच्या रूपात घेतली. रोमन कॅथलिकांत भारतीय बिशपांच्या उपासनाविधीबाबतच्या १९६९ च्या बारा सवलतींमध्ये चुंबनाऐवजी अंजलीमुद्रा किंवा देणाऱ्याचे हात घेणाऱ्याच्या हातांत ठेवणे मान्य झाले. मराठवाड्यात हात जोडणे आणि हस्तांदोलन दोन्ही दिसते. स्त्री-पुरुषांत बहुधा हात जोडणेच.

कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा झाला. त्यांच्याकडील सणाचे जेवण याच वळणाचे आहे, पण त्यास प्रीतिभोजन हे नाव कमी वापरतात. पेंटेकॉस्टल व स्वतंत्र मंडळ्यांत दर रविवारी खिचडी किंवा चहा-पोहे असतात. लांबच्या वस्तीवरून टमटमने आलेल्यांना दुपार काढावी लागते, हे त्यामागचे साधे कारण.