अमेरिकेतील राज्य-राजधान्यांची रेल्वेसेवा

अमेरिकेच्या ५० राज्यांच्या राजधान्यांना मिळणारी, किंवा न मिळणारी, प्रवासी रेल्वेसेवा. २०२५ च्या स्थितीनुसार ॲमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे महामंडळाची गाडी २८ राजधान्यांना मिळते. त्यांपैकी चार ठिकाणी स्थानक राजधानीच्या हद्दीबाहेर, शेजारच्या गावात आहे. न्यू मेक्सिकोची सँटा फे आणि टेनेसीची नॅशव्हिल इथे ॲमट्रॅक नाही, पण उपनगरी गाडी आहे. उरलेल्या २० राजधान्यांत आगगाडीने पोहोचता येत नाही. फिनिक्समध्ये रस्त्यावरची हलकी रेल्वे आहे आणि होनोलुलूत २०२३ साली मेट्रो सुरू झाली. मात्र या दोन्ही सेवा शहरापुरत्या असल्याने त्या या हिशेबात धरलेल्या नाहीत.

हिशेब लावताना पहिला वाद हद्दीचा येतो. रेल्वेने पणजीला निघालेला माणूस जसा करमळीला किंवा थिवीला उतरतो, तसाच हा प्रकार. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी, पण तिचे स्थानक हडसन नदीच्या पलीकडे रेन्सेलर गावात. शहरातले जुने भव्य स्थानक १९६८ साली बंद झाले आणि त्या इमारतीत पुढे कचेऱ्या आल्या. मिशिगनच्या लान्सिंगचा प्रवासी ईस्ट लान्सिंगला उतरतो. व्हरमाँटची माँटपिलिअर ही जेमतेम आठ हजार वस्तीची, देशातली सर्वांत लहान राजधानी. तिचे स्थानक शेजारच्या बर्लिन गावात आहे आणि तिथे दिवसातून एक गाडी जाते, एक येते. वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपियाचे स्थानक लेसीजवळ, शहरापासून सुमारे १३ किमीवर. या चौघींना यादीतून वगळणे म्हणजे उगाच काटेकोरपणा होईल.

राजधानी आणि रेल्वे यांची फारकत का झाली, याचे एक कारण राजधान्यांच्या निवडीत आहे. अनेक राज्यांनी राजधानी व्यापाराच्या नव्हे तर सोयीच्या जागी वसवली: राज्याच्या मध्यावर, किंवा दोन भांडखोर शहरांच्या अधेमधे. फ्लॉरिडाची टॅलाहासी १८२४ मध्ये राजधानी झाली ती पेन्साकोला आणि सेंट ऑगस्टीन यांच्या साधारण मधोमध म्हणून. तेव्हा त्या भागात रेल्वेचा पत्ताच नव्हता. पुढे रूळ टाकले खासगी कंपन्यांनी, आणि ते धावले बंदरे, खाणी, धान्यबाजार आणि शिकागो यांच्या दिशेने. सँटा फेची कथा तर थट्टाच वाटावी अशी. जिच्या नावात ‘सँटा फे’ होते त्या रेल्वे कंपनीने १८८० मध्ये डोंगराळ चढण टाळून मुख्य मार्ग लेमीवरून नेला आणि सँटा फेची बोळवण एका फाट्यावर केली. आजही शिकागो-लॉस एंजेलिस गाडी लेमीलाच थांबते. डिसेंबर २००८ पासून अल्बुकर्कीहून सँटा फेपर्यंत ‘रेल रनर’ ही उपनगरी गाडी धावते, एवढाच काय तो दिलासा.

उलट टोकाला अटलांटा. हे गाव रेल्वेतूनच जन्मले. १८३७ मध्ये रुळाचे शेवटचे टोक जिथे ठरले तिथे वस्ती झाली आणि तिचे पहिले नावच ‘टर्मिनस’ होते. आज त्या महानगरात ‘क्रेसेंट’ ही एकच गाडी, दिवसातून एकदा जाताना आणि एकदा येताना, १९१८ सालच्या एका छोट्याशा स्थानकावर थांबते.

दुसरे आणि जास्त वजनाचे कारण म्हणजे कपात. १ मे १९७१ ला ॲमट्रॅकने खासगी कंपन्यांची प्रवासी वाहतूक हाती घेतली, तेव्हा चालू असलेल्या गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या त्याच दिवशी बंद झाल्या. दुसरा घाव ऑक्टोबर १९७९ मधला. लांब पल्ल्याच्या काही गाड्या एकदम रद्द झाल्या आणि एकाच महिन्यात कोलंबस, इंडियानापोलिस, नॅशव्हिल, माँटगोमेरी, ओक्लाहोमा सिटी आणि बिस्मार्क या सहा राजधान्यांची गाडी गेली. इंडियानापोलिसला ती वर्षभरातच परत मिळाली. ओक्लाहोमा सिटीला मात्र फोर्ट वर्थकडे जाणारी ‘हार्टलँड फ्लायर’ मिळायला जून १९९९ उजाडावे लागले. माँटगोमेरीला मध्यंतरी काही वर्षे एक गाडी होती, ती १९९५ मध्ये थांबली. बाकीच्यांच्या नशिबी ॲमट्रॅक पुन्हा आली नाही. नॅशव्हिलमध्ये २००६ पासून जवळच्या लेबनन गावापर्यंत सुमारे ५१ किमी धावणारी उपनगरी गाडी आहे. तिथल्या १९०० सालच्या युनियन स्टेशनात आता हॉटेल थाटले आहे.

त्यानंतरच्या गळतीची कारणे वेगवेगळी. फिनिक्स ही सोळा लाखांवर वस्ती असलेली, देशातली सर्वांत मोठी राज्य-राजधानी. तिच्या पश्चिमेचा रूळ मालगाड्यांच्या कंपनीला नकोसा झाला, म्हणून जून १९९६ मध्ये गाडी दक्षिणेकडच्या मारिकोपामार्गे वळवली गेली. टॅलाहासीची गाडी ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने थांबली. रूळ काही महिन्यांत दुरुस्त झाले, मालगाड्या धावू लागल्या, प्रवासी गाडी मात्र आलीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सहून किनाऱ्याने मोबीलपर्यंत सेवा पुन्हा सुरू झाली खरी, पण मोबीलच्या पुढचा टॅलाहासीचा पट्टा अजून रिकामाच आहे.

गाडी गेलेल्या राजधान्यांत दोन स्थानके मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. वायोमिंगची राजधानी शायएन इथे १८८७ च्या सुमारास युनियन पॅसिफिक कंपनीने वालुकाश्माचे, मनोऱ्याचे स्थानक बांधले. त्याच्या दारातून निघणारा कॅपिटल ॲव्हेन्यू सरळ विधानभवनाच्या पायऱ्यांशी जातो. एका टोकाला सत्ता, दुसऱ्या टोकाला रेल्वे. आयडाहोच्या बॉइसीतही हीच मांडणी आहे. १९२५ चे स्पॅनिश धाटणीचे स्थानक टेकाडावर उभे आहे आणि खाली उतरणारा कॅपिटल बुलेवार्ड विधानभवनाकडे जातो. मे १९९७ मध्ये ‘पायोनिअर’ ही गाडी बंद झाली आणि दोन्ही राज्यांतून जाणारी ती वाट मिटली. शायएनच्या स्थानकात आता संग्रहालय आहे, आणि त्याच्या मागून लांबलचक मालगाड्या न थांबता धडधडत जातात. बॉइसीचे स्थानक नगरपालिकेकडे असून लग्नसमारंभांसाठी भाड्याने मिळते. वायोमिंग आणि साउथ डकोटा ही मुख्य भूमीवरील ४८ राज्यांपैकी अशी दोनच, जिथे आज ॲमट्रॅकचे एकही स्थानक नाही.

गाडी आहे म्हणजे सोय आहे, असेही समजू नये. नेब्रास्काची लिंकन, कॅन्ससची टोपीका, युटाची सॉल्ट लेक सिटी, अर्कान्सॉची लिटल रॉक आणि साउथ कॅरोलायनाची कोलंबिया या राजधान्यांत गाडी येते ती मध्यरात्रीच्या आसपास किंवा उजाडण्यापूर्वी. यात कुणाचा आकस नाही. वेळापत्रकाचा हिशेबच तसा आहे. शिकागोहून दुपारी सुटणारी ‘कॅलिफोर्निया झेफर’ डेन्व्हरला सकाळी पोहोचावी आणि रॉकी पर्वतातली वाट प्रवाशांना उजेडी दिसावी, असे ठरले की लिंकन आपोआप अंधारात येते, आणि पर्वत उतरेपर्यंत सॉल्ट लेक सिटीलाही रात्र झालेली असते. इंडियानापोलिस आणि वेस्ट व्हर्जिनियाची चार्ल्स्टन यांना ‘कार्डिनल’ ही गाडी आठवड्यातून फक्त तीन दिवस मिळते. अनेक कंपन्यांच्या गाड्या एका छताखाली आणणारे जगातले पहिले ‘युनियन स्टेशन’ १८५३ मध्ये इंडियानापोलिसलाच उभे राहिले होते, हे लक्षात घेतले की ही पडझड जास्त बोचते.

चांगली सेवा असलेल्या राजधान्या प्रामुख्याने दोन टोकांना आहेत. ईशान्येकडे बॉस्टन, प्रॉव्हिडन्स, ट्रेंटन, हार्टफर्ड आणि हॅरिसबर्ग इथे दिवसातून अनेक गाड्या. बॉस्टनमध्ये दोन मोठी स्थानके आहेत, पण साउथ स्टेशन ते नॉर्थ स्टेशन असा रूळच नाही. मेन राज्याकडे जाणाऱ्याला सामान उचलून शहरातली मेट्रो धरावी लागते. पश्चिमेला सॅक्रामेंटो, जिथून १८६३ मध्ये खंडपार रेल्वेचे पश्चिमेकडचे काम सुरू झाले. तिथली १९९१ पासूनची ‘कॅपिटल कॉरिडॉर’ सेवा राजधानीवरूनच नाव घेऊन धावते.

२००८ च्या केंद्रीय कायद्याने १,२०० किमीपेक्षा कमी पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांचा खर्च राज्यांवर आला, म्हणजे निर्णय त्या त्या राजधानीत बसलेल्यांच्या हाती गेला. इंडियानाने पैसे थांबवले आणि इंडियानापोलिस-शिकागो ‘हूझिअर स्टेट’ जून २०१९ अखेर बंद पडली. २०१० मध्ये विस्कॉन्सिनचे नवनिर्वाचित गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी मिल्वॉकी-मॅडिसन मार्गासाठी मंजूर झालेले ८१ कोटी डॉलर नाकारले, आणि ओहायोत जॉन केसिक यांनी कोलंबसमधून जाणाऱ्या मार्गाचे सुमारे ४० कोटी. मॅडिसनकर आजही गाडी पकडायला जवळच्या एका लहान गावी जातात. त्या गावाचे नाव कोलंबस. विस्कॉन्सिनच्या कोलंबसला गाडी आहे, नऊ लाख वस्तीच्या ओहायोच्या कोलंबसला नाही.

याच काळात काही राजधान्यांनी मिळवलेही. मिनेसोटाच्या सेंट पॉलमधले युनियन डेपो १९७१ मध्ये ओस पडले होते. दुरुस्तीनंतर २०१४ मध्ये तिथे गाडी परतली आणि मे २०२४ पासून शिकागोची ‘बोरिअलिस’ ही दुसरी गाडीही धावू लागली. नॉर्थ कॅरोलायनाच्या रॅलेला २०१८ मध्ये नवे स्थानक मिळाले. ऑलिंपियात पूर्वी प्रवाशांसाठी नुसता आडोसा होता. गावकऱ्यांनी वर्गणी आणि श्रमदान करून १९९३ मध्ये स्थानक उभारले. तिथे ॲमट्रॅकचा पगारी कर्मचारी नाही. दार उघडणे, गाडीची वेळ सांगणे, सामानाला हात लावणे ही कामे स्वयंसेवक पाळीपाळीने करतात.