पडदा अर्ध्यावर का थांबत नाही?

“काका, तमारे कशुं ज नहीं करवानुं. तडको आवशे एटले पडदो जाते समजी जशे!” (तुम्हाला काहीच करायचं नाही. ऊन आलं की पडद्याला आपोआप समजेल!) बडोद्यातल्या अलकापुरीतल्या दुकानदाराने हे इतक्या जिव्हाळ्याने सांगितलं की वाद घालणं जिवावर आलं. एसीचं बिल निम्मं होईल, हेही वर सांगून झालं. मोटरने नळीवर गुंडाळले जाणारे दोन पडदे मी घेतले खरे, पण ते बायकोचा खांदा आखडलाय आणि खिडकी सोफ्यामागे आहे म्हणून. पडद्याला काही समजतं म्हणून नव्हे.

बिलाचं आधी उरकतो. उन्हातली बहुतेक ऊर्जा दृश्य प्रकाश आणि त्याला लागून असलेले अवरक्त किरण यांच्या रूपात येते, आणि साधी काच ती बिनतक्रार आत सोडते. मग कापड तापतं. ५० अंशांपर्यंत तापलेलं कापड जे किरण टाकतं त्यांची तरंगलांबी ९ मायक्रॉनच्या आसपास असते, आणि हे किरण काचेला पार करता येत नाहीत. म्हणजे पडदा सोडला तरी आत आलेली बरीचशी उष्णता आतच राहिली. कापडाची काचेकडची बाजू पांढरी असेल तर पुष्कळ प्रकाश उष्णता होण्याआधीच परत जातो. पण तो गुण रंगाचा, मोटरचा नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी गॅलरीच्या बाहेरच्या अंगाने बांबूचे चिक सोडलेले असत. ऊन घरात शिरायच्या आधीच अडवायचं, ही युक्ती आतल्या कुठल्याही महागड्या पडद्याला भारी आहे.

दुसरा घोळ दिशेचा. दक्षिण वाईट, तेव्हा जाड पडदा दक्षिणेला लावा, असा सल्ला आमच्या सोसायटीत एका वास्तुवाल्याने देऊन ठेवलाय. बडोदं २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरा खाली. मेअखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. जून-जुलैत तर महिनाभर तो मध्यान्हीला चक्क किंचित उत्तरेकडे जातो. दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरतं ते डिसेंबरात, सूर्य दुपारीही ४४ अंशांवरच असतो तेव्हा, आणि त्या दिवसांत ते हवंच असतं. उन्हाळ्यात भाजून काढते ती पश्चिम. पैसे तिकडे घाला.

आता माझ्या आवडीचं. या पडद्याची नळी फिरते, पण मोटर नळीच्या पोटात बसलेली असते आणि तिचं डोकं भिंतीवरच्या ब्रॅकेटला पक्कं असतं. दोन मीटर रुंद, अडीच मीटर लांब पडदा धरा. चौरस मीटरला ४०० ग्रॅम कापड म्हणजे २ किलो, खालची पट्टी धरून पावणेतीन. नळीची त्रिज्या २ सेंटीमीटर, म्हणजे हिशेबाने टॉर्क, म्हणजे नळी फिरवायचा जोर, लागतो अर्धा न्यूटन-मीटर. घर्षण वगैरे धरून दुप्पट मागा; दुकानदार त्याच्या सहापट दाखवेल, ते नको.

तेवढाही टॉर्क बोटाएवढ्या मोटरच्या आवाक्यातला नसतो. ती मिनिटाला हजारो फेरे मारते, पण जोर नाही. म्हणून पुढे ग्रहमालिकेसारखे गिअर असतात: मधोमध सूर्यचाक, त्याला लागून फिरणारी तीन ग्रहचाकं, आणि सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं स्थिर कडं. समजा सूर्याला १२ दाते आणि कड्याला ४८. ४८ भागिले १२ म्हणजे ४, त्यात १ मिळवा. सूर्य पाच वेळा फिरला की ग्रहांची चौकट एकदा फिरते. असे तीन टप्पे एकामागोमाग लावले की १२५ ला एक. मोटरचे ३५०० फेरे, नळीचे २८. वेग जितका उतरला, जवळजवळ तितकाच जोर चढला.

आणि थांबायचं कुठे? मोटरच्या दांड्यावर छोटं लोहचुंबक असतं आणि शेजारी हॉल सेन्सर. वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या दोन कडांमध्ये बारीकसा विद्युतदाब (व्होल्टेज) तयार होतो, हे एडविन हॉलने १८७९ मध्ये दाखवलं. दांड्याचा एक फेरा म्हणजे सेन्सरची एक टिचकी; त्या मोजून मोटर कुठे थांबायचं ते ठरवते. दोन सेन्सर पाव फेऱ्याच्या अंतराने लावले की आधी कोण टिचकलं त्यावरून दिशाही कळते. नळीच्या एका फेऱ्याला १२५ टिचक्या, नळीचा परीघ १२५.७ मिलिमीटर. म्हणजे एक टिचकी, एक मिलिमीटर!

हे फक्त पडदा पूर्ण खाली असताना. गुंडाळी वाढते तशी त्रिज्याही वाढते. अर्धा मिलिमीटर जाडीचं अडीच मीटर कापड साडेसोळा फेऱ्यांत गुंडाळलं जातं आणि त्रिज्या २० वरून २८ मिलिमीटरवर जाते. शेवटी एक टिचकी १.४ मिलिमीटरची होते. पडदा वर पोचताना घाईत आल्यासारखा दिसतो तो म्हणून. निम्मे फेरे, सव्वाआठ, मोजून थांबवलं तर वर गेलेलं असतं १.१४ मीटर, हवं असतं १.२५. अॅपमध्ये ५० टक्के दाबलं की पट्टी मध्याच्या ११ सेंटीमीटर खाली लोंबते ती बिघाडामुळे नव्हे. शेजारच्या बुटक्या खिडकीचा फरक वेगळा, म्हणून दोन पट्ट्या एका रेषेत येत नाहीत. बऱ्याच मोटरींत मधली आवडीची जागा नोंदवता येते. ती टक्क्यांवर न सोडता टेप लावून ठरवायची.

मोटर मोजते, बघत नाही. मे महिन्यात छुंद्याची, म्हणजे कैरीच्या गोड लोणच्याची, बरणी, तोंडाला कापडाचा दादरा बांधून, पश्चिमेच्या खिडकीत ठेवली होती. दुपारी ३ ला, लावलेल्या वेळेप्रमाणे, पडदा उतरला. पट्टी दादऱ्यावर टेकली, पण टिचक्या चालूच. कापडाचा ढीग सोफ्यामागे. सात वाजता वर जाताना ते तिरकं गुंडाळलं गेलं आणि कडेचा धागा उसवला. वाटेत अडथळा आला तर थांबणारी मोटर मिळते. घेताना खालून हात लावून खरंच थांबते का ते दुकानातच बघा.

बाकी किरकोळ. थेट २३० व्होल्टवर चालणारी मोटर नातवंडांनी सलग चार-पाच मिनिटं वर-खाली केली की तापून आपोआप बंद पडते. जळाली म्हणून मिस्त्रीला बोलावू नका, अर्धा तास थांबा. बॅटरीवाली घेतली तर उन्हाळ्यात चार्ज करायची ती पहाटे, कारण लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत आणि पश्चिमेच्या काचेमागे दुपारी तापमान तिथवर सहज जातं. वायरची सोय घर रंगवतानाच करून ठेवली तर ही कटकट नाही. आम्ही ठेवली नव्हती.

छुंदा आता गच्चीवर असतो.