सांगली ते सातारा, मधे एक रिले

विश्रामबागेतल्या आमच्या स्टुडिओतून साताऱ्याच्या अल्बमवाल्याकडे लग्नाचे फोटो जातात. पूर्वी पेनड्राइव्ह एसटीनं जायचा, आता दोन्हीकडच्या संगणकांवर फाइली परस्पर पाठवणारं ॲप आहे. ऐन लग्नसराईत एका संध्याकाळी चाळीस जीबीचं फोल्डर मुंगीच्या पावलानं सरकायला लागलं आणि साताऱ्याच्या नावापुढे ‘रिले’ असं दिसलं, म्हणजे माल थेट न जाता मधल्या एका सर्व्हरमार्फत जात होता. पाहिलं तर रिलेचा सर्व्हर युरोपात! आम्ही ॲप दोनदा काढून पुन्हा टाकलं. पण बिघाड ॲपमध्ये नव्हताच. त्याचं मूळ तीसेक वर्षांपूर्वीच्या एका तडजोडीत आहे.

इंटरनेटच्या पत्त्यांची जी पद्धत १९८१ साली ठरली, तिच्यात पत्ता ३२ बिटांचा आहे, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ज्याला पत्ता ठाऊक त्यानं थेट बोलावं, इतका साधा हिशेब होता. नव्वदीच्या दशकात हे पत्ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघा अभियंत्यांनी पत्ता बदलून देण्याची युक्ती मांडली, तिलाच ‘नॅट’ म्हणतात. लांब पल्ल्याचा उपाय तयार होईपर्यंतची सोय, असंच त्यांनी तेव्हा लिहिलं होतं. आपल्याकडे तात्पुरती पत्र्याची शेड जशी कायमची होते, तसंच याचंही झालं. १९९४ सालीच काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. घरोघरच्या राउटरमध्ये दिसणारा १९२.१६८ त्यातलाच.

गावभागातला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. बाहेर पाटी एक, आत बिऱ्हाडं दहा. कोणत्या बिऱ्हाडानं कुणाला पत्र धाडलं याची नोंद मालक ठेवतो आणि उत्तर आलं की त्या दारात पोचवतो. पण कुणी आपणहून पत्र पाठवलं, तर ते कोणत्या बिऱ्हाडासाठी हे कळायला मार्ग नाही, परत जातं. राउटर हेच करतो. वेबसाइट पाहणाऱ्याला याचा काही त्रास नाही, कारण सुरुवात नेहमी तोच करतो. पण दोन्ही माणसं अशा वाड्यांत राहत असतील तर पहिलं पत्र पोचायचं कसं?

१९९९ च्या नॅपस्टर या गाणी वाटून घ्यायच्या सेवेत गाण्यांची यादी मध्यवर्ती सर्व्हरवर असे आणि गाणं एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर जाई. दोघंही नॅटमागे असले की तिथंही गाडं अडे. यावरची तोड मोठी खुबीची आहे. बाहेरचा एक सर्व्हर दोघांनाही सांगतो, “तुझा पत्ता आणि पोर्ट बाहेरून असा दिसतो.” पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक. मग दोघं एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, सोडतात. आपलं पॅकेट बाहेर पडताना राउटरमध्ये नोंद होते, त्यामुळे समोरून येणारं पॅकेट त्याला उत्तरच वाटतं. २००५ साली फोर्ड, श्रीसुरेश आणि केगल या संशोधकांनी नाना प्रकारच्या राउटरांवर हे तपासलं, तेव्हा माहिती पाठवायच्या दोन पद्धतींपैकी यूडीपीवर सुमारे ८२ टक्के आणि टीसीपीवर ६४ टक्के ठिकाणी जमलं.

उरलेल्यांचं काय? काही राउटर दर नव्या ठिकाणासाठी वेगळा पोर्ट देतात, मग सर्व्हरनं सांगितलेला पोर्ट कुचकामी ठरतो. तिथं रिले लागतो. दोघंही त्याच्याशी बोलतात आणि तो इकडचं तिकडे करतो. २००३ साली आलेल्या स्काइपनं हे काम चांगलं इंटरनेट असलेल्या इतर वापरकर्त्यांच्याच संगणकांवर टाकलं होतं, बहुतेकांच्या नकळत. संगणकांमध्ये फाइली परस्पर पाठवणाऱ्या सिंकथिंग या ॲपमध्ये २०१५ साली रिले आले, ते स्वयंसेवक चालवतात. माल सीलबंद असतो, रिलेला आतलं दिसत नाही. मात्र कोण कुणाशी किती बोललं हे कळतं. उलट २०२३ पासून व्हॉट्सॲपवर कॉल मुद्दाम रिलेवरून न्यायची सोय आहे, म्हणजे समोरच्याला आपला आयपी पत्ता दिसत नाही. तेव्हा रिले दिसला की कपाळाला आठ्या घालायचं कारण नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे पत्ते वाटून झाले. मग इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांनाही खासगी पत्ते द्यायला सुरुवात केली. त्यासाठी २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची पट्टी राखली गेली. म्हणजे वाड्याभोवती आणखी एक वाडा, आणि त्याचा मालक आपल्या ओळखीचासुद्धा नाही. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत पत्त्यांना तोटा नाही, पण ते दोन्ही टोकांना चालू हवं, शिवाय न बोलावता आलेलं अडवणारी राउटरची फायरवॉल असतेच.

साताऱ्याच्या राउटरमध्ये पाहिलं, तर बाहेरचा पत्ता १००.७२ नं सुरू होणारा. तिथं आमच्या हातात काही नव्हतं. मग सांगलीत ब्रॉडबँडवाल्याकडून महिन्याचं जादा भाडं भरून सार्वजनिक पत्ता घेतला आणि राउटरमध्ये ॲपसाठी एक पोर्ट उघडला. साताऱ्याला काहीच बदललं नाही. एका बाजूचं दार उघडं असलं की दुसरी बाजू आपणहून येऊ शकते. फोल्डर त्याच रात्री पोचलं.