पारायणाची जुनी सवय आणि अद्भुताचे पुनर्वाचन

आवडती विज्ञान कादंबरी किंवा अद्भुतरम्य कादंबरी तिसऱ्यांदा, पाचव्यांदा हातात घेणाऱ्याला घरातले कोणी ना कोणी विचारतेच, की शेवट पाठ झालेला असताना पुन्हा काय वाचायचे. आपल्याकडे हा प्रश्न तसा अलीकडचा आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांत चातुर्मासात पोथी लागे, तेव्हा पुढच्या अध्यायात काय घडणार हे ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' १७०२ सालचा आणि 'पांडवप्रताप' १७१२ सालचा; त्यांतल्या कथा श्रोत्यांना त्याआधीही माहीत होत्या. तरीही कालियामर्दनाच्या अध्यायाची वाट पाहिली जाई, कारण श्रोत्यांना कथा कळून घ्यायची नव्हती, त्या डोहाच्या काठी पुन्हा एकदा जाऊन उभे राहायचे होते. पुन्हा पुन्हा वाचण्याला मराठीत 'पारायण' हा स्वतंत्र शब्द आहे आणि तो आदराचा आहे. आजच्या वाचकाचे विज्ञान कादंबरीकडे परतणे हे त्याच सवयीचे पुढचे पाऊल आहे, असे मला मनापासून वाटते.

मधल्या काळात ही सवय मोडली, ती छापील पुस्तकामुळे आणि पुस्तक ज्या वाटेने घरात येई त्या वाटेमुळे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, म्हणजे मराठी कादंबरीपेक्षाही वयाने मोठे. पुढे लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' ही कादंबरी १८६१ साली आली आणि त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली; अद्भुताची गोडी पोथीतून पुस्तकात आली ती अशी. 'केरळकोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी १९०० साली मराठीत येऊ लागली, त्या घटनेपासून मराठी विज्ञानकथेचा आरंभ मोजण्याचा प्रघात आहे. पण वाचनालयाचे पुस्तक मुदतीत परत करावे लागे, आणि मासिकाचा अंक घरभर फिरून शेवटी रद्दीत जाई. पोथी देवघरात राहत असे. कादंबरी मात्र पाहुणी होती. एकदा वाचून संपवायचे पुस्तक ही कल्पना रुजली, तिचे मूळ वाचकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या व्यवस्थेत शोधावे.

विज्ञानकथेला याचा फटका अधिक बसला. तिचे माहेर मासिके आणि दिवाळी अंक. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने गूढ आणि अद्भुत कथांना हक्काची जागा दिली, परंतु तिथे वाचलेली कथा पुढे पुस्तकात येईलच याची शाश्वती नसे. म्हणून ज्यांना ती पुन्हा वाचायची होती ते एक उद्योग करीत. अंकाच्या पिना काढायच्या, जाहिरातींची पाने बाजूला करायची, हव्या त्या कथा एकावर एक रचायच्या आणि बाइंडरकडून रेक्झिनच्या पुठ्ठ्यात बांधून घ्यायच्या. असा एक खंड माझ्याकडे आहे. त्यात प्रत्येक कथेच्या कागदाचा पिवळेपणा वेगळा आहे, शिवण आत गेल्यामुळे डाव्या बाजूची अक्षरे अर्धी दिसतात, आणि पुनर्वाचनाचा इतका स्वच्छ पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही. कोणीतरी पदरचे पैसे घालून एका कथेकडे परत येण्याची सोय करून ठेवली होती.

चित्र पालटले ते १९७४ नंतर. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्या वर्षी 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव 'नारायण विनायक जगताप' असे होते. नावलौकिकाचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये म्हणून खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते नाव. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह १९७९ साली आला. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांची पुस्तकेही पुढे येत गेली आणि विज्ञानकथा घरच्या कपाटात राहू लागली. आता पुनर्वाचनाला काळाचीही जोड मिळाली. कृष्णविवर हे १९७४ सालच्या मराठी वाचकाला केवळ शब्दांतून उमगणारे होते. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचे पहिले छायाचित्र जगाने पाहिले. त्यानंतर ती कथा वाचताना, आपण चित्राशिवाय काय काय पाहिले होते, हेही वाचकाला तपासता येते.

अद्भुतरम्य कादंबरीचा लाभ निराळा असतो. टॉल्कीनची १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलेली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादामुळे मराठीतही वाचता येते. तिच्या दुसऱ्याच प्रकरणात जादूगार गॅन्डाल्फ नायक फ्रोडोला सांगतो, की त्याच्या वडीलधाऱ्या बिल्बोने गॉलम या शत्रूला जिवंत सोडून दाखवलेली दया पुढे अनेकांचे भवितव्य ठरवील. पहिल्या वाचनात पाठलागाच्या ओढीने हे वाक्य मागे पडते. शेवट ठाऊक असलेला वाचक तिथे थांबतो, कारण हजारभर पानांचा सगळा भार त्या दोन ओळींवर उभा आहे हे त्याला दिसते. नकाशे, वंशावळी, गाणी हे सारे पहिल्या वेळी अडथळ्यासारखे वाटते आणि पुढच्या वेळी त्यासाठीच पुस्तक उघडले जाते.

मग कुतूहल शमल्यावरही विस्मय कसा टिकतो? आपल्या काव्यशास्त्राने विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव, म्हणजे त्याच्या मुळाशी टिकून राहणारी भावना, मानला, आणि क्षणोक्षणी जे नवे होते तेच रमणीयतेचे रूप, असे माघाने 'शिशुपालवधा'त म्हटले. काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्ताची 'सहृदय' या शब्दाची व्याख्या मला इथे अधिक नेमकी वाटते. काव्याच्या अनुशीलनाच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो सहृदय. अभ्यास म्हणजे आवृत्ती, तेच पुन्हा पुन्हा करणे. एका वाचनात आरसा पुसला जात नाही, हे त्याने गृहीतच धरले आहे.

नाशिकला डिसेंबर २०२१ मध्ये चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि नारळीकर त्याचे अध्यक्ष झाले. विज्ञानकथालेखकाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, याची रुखरुख गावात अजून आहे. २० मे २०२५ रोजी ते गेल्याची बातमी आली त्या रात्री मी 'वामन परत न आला' पुन्हा काढली. जमिनीखाली सापडलेली पेटी, तीत एका लुप्त प्रगत संस्कृतीने ठेवलेले ज्ञान, आणि त्यातून घडलेला यंत्रमानव वामन. शाळेत असताना पेटीत काय आहे एवढ्यासाठी मी पाने उलटली होती. या खेपेस मुखपृष्ठावरच अडखळलो. लेखकाने शेवट नावातच सांगून टाकला होता आणि इतक्या वाचनांत तो माझ्या ध्यानी आला नव्हता.