भूक मरते तेव्हा जेवायचं कसं

सेमाग्लुटाइड किंवा तिर्झेपेटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधांची इंजेक्शनं सुरू झाली की काही आठवड्यांतच बऱ्याच जणांना एक बदल जाणवतो. जेवणाची वेळ टळून जाते, पण पोट आठवण करून देत नाही. ताटात वाढलेलं निम्मं खाऊन झालं की घास फिरू लागतो. वर्षानुवर्षं डोक्यात घोळणारे खाण्याचे विचार ओसरतात. वजनाशी झगडून थकलेल्या माणसाला हे केवढं सुख वाटत असेल, याची कल्पना ज्याने तो झगडा केला त्यालाच येईल. वजनकाटाही दर आठवड्याला शाबासकी देत असतो. अशा वेळी "आज दिवसभरात दोन बिस्किटं आणि चहा, तरी काही वाटलं नाही" हे वाक्य कौतुकाने सांगितलं जातं. मला मात्र ते ऐकलं की काळजी वाटते.

कारण हे औषध भूक कमी करतं, शरीराच्या गरजा त्या प्रमाणात कमी करत नाही. स्नायूंना प्रथिनं लागतात, हाडांना कॅल्शियम लागतं, आतड्यांना चोथा लागतो. पोटाने मागणी केली नाही म्हणून या गरजा थांबत नाहीत. एरवी आपण जेवतो ते भुकेच्या सांगण्यावरून. तीच गप्प झाल्यावर काय खायचं, किती खायचं आणि कधी खायचं हे ठरवून करावं लागतं. इंजेक्शन लिहून देताना डोस आणि सुई याबद्दल सगळं सांगितलं जातं. जेवणाबद्दल पुष्कळदा "कमी खा" एवढंच. ते तर औषध आपणहूनच करवून घेत असतं.

किती कमी? सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत पूर्ण डोस घेणाऱ्यांसमोर जेवण ठेवून "हवं तेवढं खा" असं सांगितलं गेलं. खोटं औषध दिलेल्या गटाच्या तुलनेत त्यांनी ३५ टक्के कमी कॅलरी घेतल्या. एवढी घट जाणूनबुजून, मनाला आवर घालून साधायची म्हटली तर महिनोन् महिने टिकवणं फार थोड्यांना जमतं.

हे घडतं कसं ते पाहण्यासारखं आहे, कारण कसं जेवावं याची बरीच उत्तरं त्यातच आहेत. जेवण आतड्यात उतरलं की तिथल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचं आयुष्य अवघं दोन-एक मिनिटांचं; एक विकर (एन्झाइम) त्याचे लगेच तुकडे करतं. निसर्गाने पाठवलेला हा निरोप असा क्षणभरच टिकतो. औषध बनवणाऱ्यांनी त्या रेणूत बदल केले आणि त्याला एक लांब स्निग्धाम्लाची शेपटी जोडली. ही शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला धरून राहते, त्यामुळे सेमाग्लुटाइडचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो. म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदाच. तिर्झेपेटाइड जीएलपी-१ च्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचीही नक्कल करतं. त्याला निम्म्यावर यायला सुमारे पाच दिवस लागतात. (या कुळातलं पहिलं औषध, एक्झेनाटाइड, अमेरिकेच्या वाळवंटी भागातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या रेणूवरून तयार झालं आणि २००५ मध्ये मधुमेहासाठी बाजारात आलं.)

म्हणजे "आत्ताच जेवण झालंय" हा निरोप शरीराला आठवडाभर, रात्रंदिवस मिळत राहतो. तो दोन ठिकाणी पोचतो. जठर आपलं काम सावकाश करू लागतं. अन्न तिथे जास्त वेळ रेंगाळतं, विशेषतः सुरुवातीच्या काळात. दुसरं ठिकाण मेंदूत आहे. मेंदूच्या देठापाशी एक छोटासा भाग असा आहे की रक्तातल्या पदार्थांना मेंदूपासून अडवणारी भिंत तिथे जवळपास नाहीच. रक्तात काही विषारी आलं तर ते ओळखून उलटी घडवून आणणं हे त्या भागाचं काम. नेमके तिथेच जीएलपी-१ चा निरोप टिपणारे ग्राहक-रेणू भरपूर आहेत. तृप्ती आणि मळमळ इतक्या शेजारी नांदतात, म्हणून डोस वाढला की पोट भरल्याची भावना कधी कधी मळमळीच्या पलीकडे जाते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्या ४४ टक्के लोकांनी मळमळीची तक्रार केली होती.

याच चाचणीत १,९६१ माणसं होती. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटलं. चाचणीतल्या १४० जणांच्या शरीराची घडण क्ष-किरणांनी मोजली, तेव्हा दिसलं की औषध घेणाऱ्यांच्या गेलेल्या वजनातला जवळजवळ ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. त्यात सगळेच स्नायू नसतात, पाणी आणि इतर ऊतीही असतात. शिवाय वजन कोणत्याही मार्गाने उतरलं तरी चरबीबरोबर थोडे स्नायू जातातच. तिर्झेपेटाइडच्या चाचणीत हा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता. पण पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, आधीच स्नायू झिजू लागलेल्या माणसाने या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये. शिवाय औषध बंद केल्यावर वजन परत येण्याकडे कल असतो: याच चाचणीतल्या लोकांना नंतर वर्षभर पाहिलं तेव्हा गमावलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परतला होता. चरबी सहज परत येते. स्नायू मात्र कष्टानेच परत मिळवावे लागतात.

म्हणून पहिला विचार प्रथिनांचा. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं मानतात. वजन उतरत असताना पोषणतज्ज्ञ साधारण १.२ ते १.६ ग्रॅम सुचवतात. वजन फार जास्त असेल तर हा हिशेब आजच्या वजनावर करायचा नसतो. जिथे पोचायचं आहे त्या वजनावर करायचा. समजा ते ७० किलो आहे. खालचा आकडा धरला तरी दिवसाला ८४ ग्रॅम प्रथिनं झाली, म्हणजे ३३६ कॅलरी. पूर्वी दिवसाला २,००० कॅलरी पोटात जात होत्या तेव्हा हा वाटा १७ टक्के झाला असता. आता १,२०० च जात असतील तर तोच वाटा २८ टक्के होतो. म्हणजे पूर्वीचंच जेवण निम्मं करून जेवलं तर प्रथिनं हमखास कमी पडतात. घासांची संख्या घटली की प्रत्येक घासाची निवड बदलावी लागते.

प्रत्यक्षात हे कसं दिसेल? दोन अंड्यांतून १२ ग्रॅम. पाणी निथळून घट्ट केलेलं दीडशे ग्रॅम दही खाल्लं तर १४ च्या आसपास. शंभर ग्रॅम शिजवलेला मासा, २२. दीडशे ग्रॅम शिजवलेली डाळ, १३. पेलाभर दूध, ८. शंभर ग्रॅम टोफू, आणखी १३. बेरीज ८२. एवढं सगळं मिळून आठ-नऊशे कॅलरींच्या आतबाहेर होतं. उरलेल्यात भाज्या, फळं, थोडं धान्य आणि थोडं तेल बसतं. मासे-अंडी न खाणाऱ्याला सोयाबीन, कडधान्यं आणि दुधाच्या पदार्थांवर जास्त भर द्यावा लागेल. ते जमतं, फक्त योजना करावी लागते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच.

दिवसभराची प्रथिनं एकाच जेवणात उरकायचं म्हटलं तर मंदावलेलं जठर ते घेणार नाही. तीन-चार वेळांत वाटून, दर वेळी वीस-पंचवीस ग्रॅम, हे जास्त सोपं. आणि ताटात पहिला हात प्रथिनांना लावावा. ही छोटी सवय मला सगळ्यांत उपयोगी वाटते. पहिले पाच-सहा घास भाताचे किंवा पावाचे गेले आणि मग पोट भरलं, तर त्या जेवणातली प्रथिनं ताटातच राहतात. सूप, सरबत, पाणी यांनीही पोटातली जागा भरते, म्हणून पाणी जेवणाबरोबर घोट-घोट आणि बाकीचं दोन जेवणांच्या मध्ये.

पण मध्ये ते प्यायलं जातं का, हा प्रश्न आहेच. जीएलपी-१ मुळे खाण्याबरोबर पाणी पिण्याची इच्छाही मंदावते असं अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय आपल्याला मिळणाऱ्या पाण्याचा बराच भाग एरवी अन्नातूनच येतो, तोही घटलेला असतो. त्यात उलट्या किंवा जुलाब झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो. तहान लागायची वाट न पाहता घड्याळाकडे बघून प्यावं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

बद्धकोष्ठता हा याच साखळीतला पुढचा त्रास. अन्न कमी, चोथा कमी, पाणी कमी आणि आतड्यांची गतीही मंद. यावर एकदम मूठभर कोंडा खाणं हा उपाय नव्हे. मंदावलेल्या पोटात तो गुबारा धरतो. चोथा हळूहळू वाढवावा: आधी शिजवलेल्या भाज्या, सालासकट फळं, ओट्स, मग कडधान्यं. आणि त्याच्या जोडीला पाणी, नाहीतर त्रास वाढेल.

आता तेला-तुपाकडे. मळमळ होत असताना तळलेलं आणि फार स्निग्ध अन्न सोसत नाही, कारण चरबी जठरात सगळ्यांत जास्त वेळ थांबते. मग माणूस सावध होतो आणि तेल-तूप पूर्णच बंद करतो. इथे पित्ताशय अडचणीत येतं. यकृत पित्त बनवत राहतं, ते पित्ताशयात साठतं, आणि जेवणातली चरबी आतड्यात उतरली की एका संप्रेरकाच्या इशाऱ्याने पित्ताशय आकुंचन पावून ते बाहेर ढकलतं. चरबी आलीच नाही तर इशारा क्षीण, पित्त पडून राहतं. वजन झपाट्याने उतरताना त्याच पित्तात कोलेस्टेरॉलही जास्त उतरत असतं. साचलेलं, कोलेस्टेरॉलने दाटलेलं पित्त म्हणजे खडे होण्याची पूर्वतयारी. वर उल्लेखलेल्या चाचणीत पित्ताशयाचे त्रास औषध घेणाऱ्यांत २.६ टक्के आणि दुसऱ्या गटात १.२ टक्के लोकांना झाले. म्हणून दिवसातल्या निदान एका जेवणात दहा-एक ग्रॅम चरबी असू द्यावी: दोन छोटे चमचे तेल, किंवा छोटी मूठभर बदाम. उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती थांबेना, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नये.

डोस वाढतो ते आठवडे वेगळे धरावेत. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून २.४ पर्यंत चार-चार आठवड्यांच्या पायऱ्यांनी चढवतात, आणि दर पायरीला नवीन मळमळ येऊ शकते. या दिवसांत गरम जेवणाचा वासच नको होतो. थंड पदार्थाला वास कमी येतो, म्हणून गार दही, उकडून गार केलेलं अंडं, दुधात घुसळलेलं फळ असं काही जातं. चार घास खाऊन थांबावं, दोन तासांनी पुन्हा चार. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की तिथेच थांबावं. ताट संपवण्याच्या हट्टाने घेतलेले पुढचे तीन घास बहुधा उलटीत जातात. जेवून लगेच आडवं होऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील आणि जेवण घटलं असेल, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्या औषधांचे डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावे लागतात.

उलट्या दिवसामागून दिवस चालूच राहिल्या तर ती गोष्ट घरगुती उपायांवर सोडू नये. ब-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तो संपला तर मेंदूला इजा होते: गोंधळल्यासारखं होणं, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं. हे क्वचित घडतं, पण घडल्याच्या नोंदी आहेत, आणि वेळेत ब-१ दिलं तर नुकसान टाळता येतं. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची कमतरता सावकाश कळते. दिवसाचं खाणं १,२०० कॅलरींच्याही खाली राहत असेल, तर रोजची मल्टीव्हिटॅमिन गोळी आणि अधूनमधून रक्ततपासणी, हे डॉक्टरांशी ठरवून घ्यावं. केस गळणं हा त्यामानाने कमी गंभीर, पण मनाला लागणारा त्रास. वजन वेगाने उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी तो दिसू शकतो. बहुतेकांचे केस नंतर परत येतात.

आणि प्रथिनं खाल्ली तरी स्नायूंना काम हवं. डेन्मार्कमध्ये १९५ जणांवर झालेल्या एका प्रयोगात, आधी वजन उतरवलेल्या लोकांना वर्षभर लिराग्लुटाइड (याच कुळातलं औषध), व्यायाम किंवा दोन्ही दिलं गेलं. दोन्ही करणाऱ्यांच्या शरीरातलं चरबीचं प्रमाण एकेकटा उपाय करणाऱ्यांच्या साधारण दुप्पट घटलं. नुसत्या औषधाच्या गटात खुबा आणि मणक्याच्या हाडांची घनता उतरली, जोडीला व्यायाम करणाऱ्यांत ती टिकून राहिली. आठवड्यातून दोनदा वजन उचलणं, रबरी पट्टा ताणणं, खुर्चीतून हात न लावता उठबस करणं, एवढ्यापासून सुरुवात करता येते. चालणं चांगलंच, पण स्नायू राखायला त्यावर भागत नाही.

पुढच्या तपासणीला जाण्याआधी तीन-चार दिवस पोटात काय गेलं ते कागदावर लिहून न्यावं. प्रथिनं चाळीस-पन्नास ग्रॅमवरच अडकली असतील, जिना चढताना पाय थरथरत असतील, सलग दिवस जेवण टळत असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. डोस पुढच्या पायरीवर नेण्याऐवजी आहे तिथेच ठेवता येतो, एक पायरी खालीही आणता येतो. वजन थोडं सावकाश उतरेल, पण जेवण पुन्हा जमू लागेल.