स्प्रेडशीटमधील दिनांक-स्वरूप

स्प्रेडशीटच्या सेलमधील तारीख कोणत्या क्रमाने, किती अंकांत आणि महिना अंकी की अक्षरी दिसावा, हे ठरवणारी सेलची सेटिंग म्हणजे दिनांक-स्वरूप किंवा डेट फॉरमॅट. ते बदलले तरी सेलमधले मूल्य बदलत नाही, कारण तारीख तिथे तारीख म्हणून साठवलेलीच नसते. ती असते एक साधी संख्या.

एक्सेलच्या नेहमीच्या पद्धतीत 1 जानेवारी 1900 हा दिवस 1 धरून पुढचे दिवस मोजले जातात. त्या हिशेबाने 15 मार्च 2024 म्हणजे 45366. वेळ अपूर्णांकात येते; दुपारचे बारा म्हणजे 0.5. या मोजणीत एक जुनी चूक जाणूनबुजून जपलेली आहे. 1900 हे लीप वर्ष नव्हते, तरी लोटस 1-2-3 हा एक्सेलआधीचा स्प्रेडशीट प्रोग्राम ते तसे धरत असे आणि त्या फायलींशी मेळ राहावा म्हणून एक्सेलनेही 29 फेब्रुवारी 1900 हा कधीच न उगवलेला दिवस मान्य केला. लिबरऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स हे दुसरे स्प्रेडशीट प्रोग्राम 30 डिसेंबर 1899 ला शून्य धरतात, त्यामुळे 1 मार्च 1900 पासून तिघांचे अंक जुळतात. मॅकिंटॉशवरील जुन्या एक्सेलची मोजणी 1904 पासून सुरू होई. तशा फाइलमधून तारखा कॉपी केल्या की 1462 दिवसांचा, म्हणजे चार वर्षे आणि एका दिवसाचा फरक पडू शकतो.

स्वरूप अक्षरी संकेतांनी सांगितले जाते. दिवसासाठीचा ‘डी’ एकदा लिहिला तर 5, दोनदा लिहिला तर 05, तीनदा वाराचे लघुरूप आणि चारदा वाराचे पूर्ण नाव. ‘एम’ महिन्यासाठी व ‘वाय’ वर्षासाठी. तासांच्या ‘एच’ला लागून आलेला ‘एम’ मात्र मिनिटे दाखवतो. एक्सेल व कॅल्कमध्ये कंट्रोल आणि 1 या कळा एकत्र दाबल्या की या सेटिंगची खिडकी उघडते. एक्सेलच्या यादीत ज्या स्वरूपांपुढे तारांकन असते, ती संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगनुसार, म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या रीतीने लिहायची या निवडीनुसार, बदलतात. एकच फाइल दोन संगणकांवर वेगळी दिसण्यामागे बहुधा हेच कारण असते. तारखेऐवजी चौकटभर ##### दिसले तर आधी कॉलम रुंद करून पाहावा.

खरी गुंतागुंत स्वरूपात नसून तारीख आत येताना आहे. 03/04/2024 हे टाइप केले की 3 एप्रिल की 4 मार्च, हे प्रादेशिक सेटिंग त्याच क्षणी ठरवते. नंतर स्वरूप कितीही बदलले तरी चुकलेली संख्या सुधारत नाही. 25/03/2024 हे महिना-आधीच्या सेटिंगमध्ये तारीख ठरूच शकत नाही, म्हणून मजकूर म्हणून पडून राहते आणि त्यावर कोणतेही स्वरूप चालत नाही. असा मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटतो, खरी तारीख उजव्या. अर्थात कोणी अलाइनमेंट हाताने बदलली नसेल तर. वर्षाचे दोनच अंक दिले तर एक्सेलच्या मूळ योजनेत 29 म्हणजे 2029 आणि 30 म्हणजे 1930. तारखा लिहिण्याच्या आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय प्रमाणातली 2024-03-15 ही वर्ष-आधीची मांडणी दिवस-महिन्याचा घोळ टाळते.

तारीख नसलेल्या मजकुराचीही तारीख होते. ‘मार्च1’, ‘सेप्ट1’ अशा जनुकांच्या नावांचे हे सतत होत असल्याने जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अखेर ती नावेच बदलली. 2020 च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत त्यांची जागा ‘मार्चएफ1’ व ‘सेप्टिन1’ यांनी घेतली. असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये त्यानंतर, 2023 मध्ये आली.

दिसणे आणि असणे यांतले अंतर तुलनेतही नडते. 15-03-2024 दाखवणाऱ्या सेलमध्ये 45366.75, म्हणजे त्या दिवशीचे संध्याकाळचे सहा, असू शकतात. मग ‘बरोबर 15 मार्च’ ही अट जुळत नाही. याउलट टेक्स्ट हे फंक्शन तारखेचा खराच मजकूर करते. त्याने काढलेली महिन्यांची नावे अक्षरक्रमाने लागतात आणि एप्रिल जानेवारीच्या आधी येतो. नुसते स्वरूप बदलून महिना दाखवला तर क्रमवारी संख्येवरच चालते. एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराची, फाइल काढताना मात्र सेलमध्ये दिसते तेच लिहिले जाते. वर्षाचे दोनच अंक दिसत असतील तर शतक त्या फाइलमध्ये जातच नाही.